सोबतीला गेलेली रंभाबाई

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे रेल्वे क्वार्टरांच्या ओळीत एकनाथ देवकरांचं घर कुणालाही विचारलं, की माणसं आधी आवाज खाली आणायची. "हार्टवाले देवकर का? ते काय, शेवटून दुसरं. पण दारावर जोरात थाप मारू नका."

एकनाथ पार्सल ऑफिसात कारकून, मूळचे टेंभुर्णीकडचे. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या वजनकाट्याजवळ उभे असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते आंब्याच्या करंड्यांवर कोसळले. हमालांनी उचलून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राममध्ये एक रेघ जरा वेगळी दिसली. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. एकनाथांचे वडील याच वयात उसाच्या पाटावर उभ्या उभ्या गेले होते. तेव्हा एकनाथांनी मनाशी धरलं, की आता आपलीही पाळी आली. आणि त्या दिवसापासून घराचा सगळा कारभार त्यांच्या काळजाच्या ठोक्यावर चालू लागला.

जपायचं म्हणजे काय करायचं, ते मात्र त्यांच्या बायकोनं, रंभाबाईनं ठरवलं. मालकांनी पायरी चढायची नाही, म्हणून त्यांची खाट पडवीत आली. मालकांनी मीठ खायचं नाही, म्हणून घरात अळणी शिजू लागलं. एका चुलीवर दोन स्वयंपाक कुठे करायचे, म्हणून ती आणि मुलगी मालतीही तेच खाऊ लागल्या. भाजी आणायची, दळण आणायचं, शेगडीचा कोळसा फोडायचा, सगळं तिच्याकडे आलं. पाणी तर आधीपासूनच तिचं होतं. नळ ओळीच्या पार टोकाला. डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी घेऊन ती खेपा घालायची.

रंभाबाई अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. माहेरी घरात मराठी आणि दारात कन्नड, त्यामुळं दोन्ही भाषा तिच्या तोंडात सारख्याच बसलेल्या. पंधराव्या वर्षी लग्न झालं. "हिच्या अंगात रेड्याचं बळ हाय," असं तिची सासू चारचौघांत सांगायची. ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते वाक्य तिनं खरं मानलं आणि त्याच हिशेबानं जगत आली. आपल्याला काही होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नसायचं.

होत मात्र होतं. पाण्याची दुसरी खेप आली की डाव्या जबड्यात काहीतरी आवळायचं. कुणी आतून पक्कड लावून दाढ ओढावी, तसं. घागर खाली ठेवून भिंतीला टेकलं की जायचं. कधी डावा हात भरून यायचा, कधी पोटाच्या वरच्या बाजूला जळजळायचं. मग ती ओवा चावायची. शेजारची तानाबाई म्हणाली, "दाढ किडली असंल, रंभाक्का. काढून टाक." तिनं दाढ काढून टाकली. चांगली मजबूत दाढ होती, काढणाऱ्यालाही घाम फुटला. चार दिवस तोंड सुजलं. पाचव्या दिवशी पाणी आणायला गेली, तर कळ पुन्हा त्याच जागी. तिला वाटलं, शेजारची दाढ असेल.

घरात ती हे बोलली नाही. ज्या घरात खरोखरीचं काळीज दुखणारा माणूस खाटेवर बसलाय, तिथं दाढेचं गाऱ्हाणं कुणापुढं मांडायचं?

*

अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं आणि संक्रांतीनंतर एकनाथांना मद्रासला पाठवायचं ठरलं. तिथं रेल्वेचा मोठा दवाखाना होता. मांडीतून बारीक नळी घालून ती काळजापर्यंत नेतात, आत औषध सोडतात आणि हलत्या काळजाचा सिनेमा काढतात, असं ऑफिसात ऐकून आले होते. वाट बुजलेली दिसली, तर पायातली शीर काढून काळजावर नवी वाट जोडतात म्हणे. ओळीतली माणसं भेटायला येऊन गेली. निरोप देताना कुणी एकनाथांच्या डोळ्यांकडे बघेना. मालतीला तानाबाईकडे ठेवलं. रंभाबाईनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मालकांसाठी अळणी दशम्या बांधून घेतल्या. मद्रास मेलमध्ये एकनाथ खिडकीला टेकून डोळे मिटून बसले. ती समोर बसून त्यांचा श्वास मोजत राहिली.

मद्रासच्या स्टेशनात उतरल्यावर ट्रंक तिनं डोक्यावर घेतली आणि वळकटी काखेत मारली. हमालाची भाषा कळेना आणि मालकांना ओझं उचलू द्यायचं नव्हतं. फलाट संपता संपेना. मध्येच तिला ट्रंक खाली टाकावी लागली आणि ती तिच्यावरच बसली. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"काय झालं?" एकनाथांनी विचारलं.

"उकडतंय की. हितली हवाच दमट हाय."

जानेवारीतली सकाळ होती. बाकीच्या कुणाच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. पण एकनाथांनी मान हलवली, कारण त्यांचंही लक्ष आपल्याच छातीकडे होतं.

दवाखान्यात बरं एवढंच झालं, की वॉर्डातली सिस्टर विजापूरकडची निघाली. नीलव्वा तिचं नाव. रंभाबाईचं कन्नड कानावर पडल्यावर त्या सिस्टरचा चेहराच उजळला. "अक्का, तुम्ही आमच्याकडचं बोलता!" ती म्हणाली आणि त्या परक्या शहरात रंभाबाईला एक माणूस मिळालं. दुसरा मिळाला तो चनबसप्पा. हा हुबळीचा इंजिन ड्रायव्हर, त्याच वॉर्डात होता. दोनदा मोठे झटके येऊन गेलेला, पण तोंडानं कधी न थकणारा. त्याचा सिनेमा आधीच काढून झाला होता. तो रंभाबाईला कन्नडमध्ये सांगायचा, "डॉक्टर म्हणतात, तुझं चित्र चांगलं आलं नाही. मी म्हटलं, साहेब, मला काय सिनेमात काम करायचंय? तुम्ही कापा."

एकनाथांचा सिनेमा निघाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना अंधाऱ्या खोलीत बोलावलं. उंच, सावळे, पिकल्या भुवयांचे गृहस्थ. ते इंग्रजीत सांगायचे, ते एकनाथांना कळायचं. रंभाबाईसाठी नीलव्वा कन्नडमध्ये सांगायची. भिंतीवर फीत चालू झाली. पांढुरक्या उजेडात काळी झाडाची फांदी उमटली आणि ठोक्याबरोबर हलू लागली. फांदीला फांदी, तिला डहाळ्या, सगळ्या टोकापर्यंत भरलेल्या.

रंभाबाई हात जोडून उभी होती. आता कुठे तुटलेलं दिसतं, याचीच ती वाट बघत होती.

"हे हृदय निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या वाहिन्या मोकळ्या आहेत. तुमचं दुखणं अन्ननलिकेतून येतंय. दुखत होतं ते खरंच, पण काळजातून नाही. आणि भीतीनं ते वाढतंय."

एकनाथांनी भिंतीवरच्या फांदीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "साहेब, दुसऱ्या कुणाची फीत लागली असंल."

"तुमचीच आहे."

"पण मला दोन वर्षं..." मरणातून सुटलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसायला हवा होता. तो दिसत होता भर बाजारात धोतर सुटलेल्या माणसासारखा. नीलव्वानं कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा रंभाबाईला आधी अर्थच लागेना. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग ती हसली. मोठ्यानं हसली. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसण्यातच तिचा हात जबड्याकडे गेला. तिनं मागं भिंत चाचपली.

नीलव्वानं दिवा लावला. रंभाबाईचं तोंड राखेसारखं झालं होतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते.

"काय होतंय, अक्का?"

"काय न्हाय. दाढ दुखतीया. जुनीच हाय."

"कुठली? तोंड उघडा बघू."

नीलव्वानं तोंडात बघितलं. मग हिरडीवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं. "अक्का, इथं तर दाढच नाही."

मोठे डॉक्टर फीत गुंडाळता गुंडाळता थांबले. काय बोलणं चाललंय, ते त्यांनी विचारून घेतलं. कधी दुखतं? ओझं उचलल्यावर. थांबल्यावर जातं? व्हय. किती दिवस? तिला नीट आठवेना. मालक आजारी पडायच्या आधीपासून असेल. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि स्वतः तिचा दंड धरून तिला बसवलं. आत्तापर्यंत त्या खोलीत खुर्ची होती ती एकनाथांसाठी.

*

तिचा कार्डिओग्राम झाला. एकनाथांची खाट रिकामी करून त्यांना बाहेरच्या बाकावर जायला सांगितलं आणि त्याच दिवशी बायकांच्या वॉर्डात रंभाबाईला खाट दिली. तिला उतरायची मनाई झाली. आयुष्यात तिला कुणी उतरायची मनाई केली नव्हती. बाळंतपणातही नाही. ती सारखी उठून बसायची आणि नीलव्वा सारखी तिला आडवी करायची. "मी सोबतीला आलीया," ती सांगत राहिली. "रोगी ते हायत. काईतरी गफलत व्हतीया तुमची."

मग तिचाही सिनेमा काढला. थंडगार खोली, कडक टेबल, मांडीत एक सुई. आत औषध सोडलं तेव्हा उकळतं पाणी अंगभर धावत गेल्यासारखं झालं, मस्तकापासून तळव्यापर्यंत. तिनं डोळे उघडले. बाजूच्या पडद्यावर तेच काळं झाड हलत होतं, पण या झाडाचं काहीतरी चुकलं होतं. बुंध्यातून जिथं दोन मोठ्या फांद्या फुटतात, तिथंच कुणी सुतळी करकचून बांधावी तसं झालं होतं. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांदा फीत लागली, तेव्हा बसायला दोन खुर्च्या होत्या. डॉक्टरांनी चित्र थांबवलं आणि त्या आवळलेल्या जागी बोट ठेवलं.

"डावीकडची मुख्य वाहिनी. एवढ्याशा फटीतून सगळं चाललंय. असंच ठेवलं, तर हे वर्ष निघेल असं मी म्हणणार नाही. एखादी घागर उचलताना संपेल."

एकनाथ खुर्चीत वळले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. किती दिवसांनी त्यांनी तिच्याकडे असं बघितलं होतं! आपल्या बायकोच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, तिचे ओठ निळसर आहेत, हे जणू त्यांना त्या भिंतीवरच्या चित्रानं दाखवलं.

"आता हे बघा," डॉक्टरांनी दुसरी फीत लावली. काळ्या औषधानं भरलेली एक पिशवी जोरानं आवळत होती आणि सैल होत होती. "ही तुमच्या काळजाची मूठ. कशी घट्ट मिटते, दिसतंय? इतकं सोसूनही स्नायू शाबूत आहे. ज्यांची मूठ अशी असते, ते या ऑपरेशनमधून बहुतेक बाहेर येतात, आणि पुढचे दिवस चांगले काढतात. हे मी या चित्रावरून सांगतो."

"बहुतेक?" नीलव्वाकडून ऐकून रंभाबाईनं विचारलं.

"बहुतेक. आमच्या देशात हे काम नवं आहे. आणि आणखी एक सांगतो. दोन फांद्यांवर वाट जोडायची आहे. त्यातली ही एक फार बारीक आहे. तिच्यावरची जोड किती टिकेल, मला शंका वाटते."

"मंजे चित्रातच समदं लिवलेलं असतंय व्हय? कोण जगंल, कोण जाईल?"

ते ऐकून डॉक्टरांनी फीत थांबवली. मग म्हणाले, "थोडंसं दिसतं. विलायतेत आता डोक्याचे आडवे काप दाखवणारं यंत्र निघालंय. कापल्याशिवाय आतलं दिसतं. काळीज एका जागी थांबत नाही, म्हणून त्याचं तसं चित्र अजून निघत नाही. कधीतरी निघेल. मग आम्हाला पुष्कळ आधी आणि पुष्कळ नेमकं सांगता येईल. आज माझ्याजवळ ही एवढी फीत आहे."

बाहेर आल्यावर एकनाथ बाकावर बसले ते उठेनात. "आपण सोलापूरला जाऊ," ते म्हणाले. "तिथं औषध घेऊ. मी तुला कामाला हात लावू देत न्हाय. छाती फाडून घ्यायची म्हंजे काय? आन तू न्हाईस राहिलीस, तर मी काय करू? मला तर मीठ कुठल्या डब्यात असतंय ते म्हाईत न्हाय."

"मीठ घरात न्हायच," रंभाबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली."

ते बोलून झाल्यावर ते वाक्य तिलाच ऐकू आलं. दोन वर्षं. दोन वर्षं आपण ज्याला वाचवत होतो त्याला काही झालेलं नव्हतं, आणि ज्याला झालेलं होतं ते माणूस घागरी वाहत होतं. तिला रडू आलं नाही. समोरच्या व्हरांड्यात एक बाई फरशी पुसत होती. ती पुसून खांबापर्यंत गेली, तिथून परत आली, तरी रंभाबाई तिच्याकडेच बघत होती.

मग ती उठली आणि पाय ओढत पुन्हा डॉक्टरांच्या दारात गेली. एकनाथांना न विचारता स्वतःच्या जिवाबद्दल घेतलेला तिचा तो बहुधा पहिलाच निर्णय. "करा म्हणावं," तिनं नीलव्वाला सांगितलं. "माजी मूठ घट्ट हाय."

*

शुद्धीवर आली तेव्हा घशात नळी होती आणि तहानेनं जीव चालला होता. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं वाटत होतं. पण तिला सगळ्यात नवल वाटलं ते पायाचं. घोट्यापासून मांडीपर्यंत पट्टी. नळी काढल्यावर तिनं पहिला प्रश्न तोच केला, "काळजाचं दुखणं, आन पाय का फाडला?" शीर पायातून काढतात, हे तिनं सोलापुरातच ऐकलं होतं. पण ते मालकांबद्दल ऐकलेलं होतं, म्हणून लक्षातच राहिलं नव्हतं.

जबडा दुखत नव्हता. हे तिला हळूहळू जाणवलं. जिभेनं ती रिकामी हिरडी चाचपत राहिली.

"चनबसप्पा कसा हाय?" तिनं विचारलं. त्याचं ऑपरेशन तिच्या मागोमाग व्हायचं होतं.

नीलव्वानं आधी सलाईनची बाटली बदलली. मग म्हणाली, "टेबलावरून खाली आले. पण हृदयानं उचल घेतली नाही. गेले."

मोठे डॉक्टर आले तेव्हा तिनं नीलव्वाकरवी विचारलं, "तुमाला आदीच म्हाईत हुतं?"

डॉक्टरांचे डोळे तांबारलेले होते. "त्याची मूठ ढिली होती," ते म्हणाले. "फितीत दिसत होतं. त्याला मी सांगितलं होतं. नको म्हणालो होतो. पण ऑपरेशनशिवायही त्याचे दिवस थोडेच होते, आणि त्याला इंजिनावर परत जायचं होतं." ते तसेच खाटेच्या गजाला धरून उभे राहिले. "दिसतं, आणि तरी चूक निघावी असं वाटत राहतं."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा हुंदका दिला आणि टाक्यांतून अशी कळ गेली, की नीलव्वानं उशी तिच्या छातीशी दाबून धरली. गेलेल्या माणसाशी तिचं नातं काय? दोन आठवड्यांची ओळख आणि थट्टेची चार वाक्यं. पण एकाच भिंतीवर दोघांची काळजं लागली होती, आणि एकाला जा म्हटलं गेलं, दुसऱ्याला राहा. त्यात आपली काही करणी नव्हती, हे तिला सहन होत नव्हतं.

एकनाथ रोज दोनदा यायचे. दवाखान्याच्या मागल्या अंगणात दगडावर तिची लुगडी स्वतः धुवायचे. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. धुतलेलं लुगडं ते झाडांना बांधलेल्या दोरीवर घालायचे. पण पिळायचं ठाऊक नसल्यानं पाणी ठिबकत राहायचं. खिडकीतून तिला ते दिसायचं. पण कसं पिळायचं, हे तिनं काही सांगितलं नाही.

*

सोलापूरला परत आल्यावर मोठा घोटाळा झाला. 'ऑपरेशन झालं' एवढीच तार आल्यानं ओळीतली सगळी माणसं स्टेशनवर आली होती आणि सगळी एकनाथांना धरायला धावली. "सावकाश, देवकर. टाके दुखतील." तानाबाईनं तर त्यांच्यावरून लिंबू उतरवलं. एकनाथ लाजेनं काळेठिक्कर पडले. "मला न्हाय," ते म्हणाले, "हिला. ऑपरेशन हिचं झालंय." माणसं हसली, मग गप्प झाली. मालतीनं आईच्या पदराखालची गळ्यापासून निघालेली तांबडी रेघ बघितली आणि तिथंच मटकन खाली बसली.

पुढचे काही महिने एकनाथांना फार जड गेले. हार्टवाले देवकर हे नाव गेलं आणि त्याच्या जागी दुसरं, न सांगण्यासारखं नाव पडलं. ऑफिसात माणसं हसायची. दुखत तर त्यांना खरंच होतं. ते काय सोंग होतं? पण हे कुणाला सांगणार? सकाळी नळावर बायकांच्या रांगेत ते दोन बादल्या घेऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी अर्धं पाणी धोतरावर सांडलं. दुसऱ्या खेपेला ते भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले, तर तानाबाई धावत आली. "आता तुमाला काय झालं?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "दमलोय. निस्ता दमलोय. हे असं रोज करत हुती ती?"

रंभाबाईच्या मनातला राग एकदम बाहेर पडला नाही. तो झिरपत राहिला. एकनाथांनी गोळ्या आणून दिल्या, तरी ती बोलायची नाही. मालतीशी भरभरून बोलायची, त्यांच्याशी नाही. एका संध्याकाळी त्यांनी पिठलं केलं. जमलं नव्हतं, गुठळ्या झाल्या होत्या. तिनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"लई खारट झालंय का?" त्यांनी विचारलं.

"तुमी मला कधी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "दाढ काढून आले, तोंड सुजलं हुतं, तवा तुमी म्हणला, आज च्या अगोड का? च्यात साखर कमी पडली हुती. तेवढंच तुमाला कळलं."

मालती उठून बाहेर गेली. एकनाथांनी काही सबब सांगितली असती, तर बहुधा तिनं ते ताट उचलून मोरीत टाकलं असतं. पण त्यांनी सबब सांगितली नाही. एवढंच म्हणाले, "मला माजा बाप दिसायचा. पाटावर पडल्याला. त्याच्या अल्याड काय दिसतच नव्हतं." मग त्यांनी तिचं ताट ओढलं आणि ते गुठळ्यांचं पिठलं स्वतः खाल्लं. तिच्यासाठी दुसरं करायला उठले. ते दुसरंही बिघडलं. पण ते तिनं खाल्लं.

तिच्या छातीवरची रेघ बघायला ओळीतल्या बायका यायच्या. हळूच हात लावून बघायच्या. मग आवाज उतरवून आपलं काहीबाही सांगायच्या. कुणाची पाठ भरून येते, कुणाला जिना चढताना श्वास लागतो. रंभाबाई पूर्ण ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला दवाखान्याच्या रांगेत नेऊन उभी करायची. बहुतेकींना काही निघायचं नाही, आणि मग त्या तिच्यावर चिडायच्या. तानाबाईचं मात्र निघालं. झडप बिघडलेली होती, लहानपणीच्या तापानं. तिला गोळ्या चालू झाल्या.

*

एकोणऐंशी साली दोघं पुन्हा मद्रासला गेली. या खेपेला ट्रंक एकनाथांच्या डोक्यावर होती. पुन्हा टेबल, पुन्हा ते उकळतं पाणी अंगातून गेलं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी फीत लावली. रंभाबाईला आता ते झाड ओळखू येत होतं. मोठ्या फांदीवर जोडलेली नवी वाट ठसठशीत भरून वाहत होती. दुसऱ्या, बारीक फांदीकडे जाणारी जोड मात्र सुरुवातीलाच खुंटली होती. एक छोटं टोक आणि पुढं काही नाही.

"बंद झाली," ती नीलव्वानं सांगायच्या आधीच म्हणाली.

"बंद झाली," डॉक्टर म्हणाले. "ही भीती मला होतीच."

एकनाथांनी तिचा हात घट्ट धरला. चनबसप्पाची फीत याच भिंतीवर लागली असणार, असं तिच्या मनात आलं. पण डॉक्टरांनी ती आवळणाऱ्या पिशवीची फीत लावली. एक लहानसा तुकडा हलत नव्हता. बाकीची मूठ तशीच घट्ट मिटत होती.

"म्हंजे आता किती?" एकनाथांनी विचारलं.

"मोठी वाट चालू आहे आणि स्नायू चांगला आहे. माझा अंदाज चांगला आहे. त्यापुढचा हिशेब मला येत नाही, आणि या फितीलाही येत नाही."

नीलव्वा दारापर्यंत पोचवायला आली. "अक्का, दोनदा मद्रासला आलात, समुद्र बघितलात का?" त्यांनी तो बघितलेलाच नव्हता. तशी दोघं दुपार कलल्यावर बसनं गेली.

वाळू एवढी लांबवर असेल, असं रंभाबाईला वाटलं नव्हतं. पाणी दिसत होतं, पण चालून चालून जवळ येत नव्हतं. तापलेल्या वाळूत पाय रुतत होते. कोळ्यांच्या होड्या ओळीनं ओढून ठेवल्या होत्या. एका होडीच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. एकनाथ दोन पावलं पुढं गेले. मग वळून थांबले.

"दमलीस का?"

रंभाबाईनं हात होडीच्या फळीवर टेकला. समोर पाण्याची एक मोठी लाट फुटली आणि फेसाची पट्टी वाळूवर पसरली.

"व्हय," ती म्हणाली. "दमले. बसू या जरा."

एकनाथांनी खांद्यावरचा पंचा वाळूवर अंथरला, आणि दोघं तिथंच होडीच्या सावलीत कुत्र्याशेजारी बसली.